तिसऱ्या मजल्यावरची बोहनी

नागपूरच्या गांधीबागेत, कापडबाजारातल्या त्या इमारतीचा जिना मला तोंडपाठ आहे, आणि माझ्या गुडघ्यांना तर जास्तच. लिफ्ट आहे, पण ती कापडाच्या ताक्यांसाठी. माणसांनी चढायचं. इमारत तिघा व्यापारी भावांची: तळमजल्यावर थोरल्याची गादी, पहिल्यावर गोदाम, दुसऱ्यावर मधल्याचं साड्यांचं दुकान आणि तिसऱ्यावर धाकट्याचं अस्तर, फॉल, ब्लाउज पीस यांचं. धाकटा काही वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्याची बायको ते दुकान सांभाळते.

मी कॉम्प्युटरच्या नेटवर्कची कामं करते. सदर भागात एका जिन्याखाली माझं छोटं ऑफिस आहे. ते नवऱ्यानं आणि मी मिळून सुरू केलं होतं. तोही आता नाही, म्हणून मी एकटी चालवते. लोकांना वाटतं, हे एसीत बसून बटणं दाबायचं काम आहे. खरं तर ते स्टुलावर चढून पोटमाळ्यात डोकं घालायचं काम आहे. कापडबाजारात तर सुताचा बारीक कचरा प्रत्येक मशीनच्या पंख्यात जाऊन बसतो. तो ब्रशनं काढायचा, दिवसभर शिंकायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन फक्त वरण-भात लावायचा, कारण पोळ्या लाटायला हात उचलत नाहीत. कामाचा कंटाळा आलाय असं मी कुणाला म्हटलं नाही, पण आला होता. खूप आला होता.

या इमारतीच्या देखभालीचं वर्षाचं काम माझ्याकडे होतं. आताशा अशी कामं कमी झाली आहेत. सगळं मोबाइलवरून चालतं म्हणतात, आणि बिघडलं की मोबाइलवरूनच रडतात. त्यामुळे हातातलं काम सांभाळून ठेवावं लागतं. थोरला भाऊ तसा माझ्याशी नीट वागायचा. माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा त्यानं आपली गाडी आणि ड्रायव्हर पाठवला होता, हे मी विसरलेली नाही.

पण नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा एक नवा नियम निघाला होता. मी नेहमीसारखी पिशवी घेऊन आत शिरले, तर थोरला गादीवरून अर्धा उठला आणि म्हणाला, "मॅडम, थोडं बसा बाहेर. आमच्याकडे बोहनीच्या आधी मशीनले हात लावत नाही."

बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती व्यापाऱ्याला किती जपावी लागते हे नागपुरात कुणाला सांगायला नको. मी जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसले. मागच्या दिवाळीपर्यंत असा नियम नव्हता, पण व्यापाऱ्यांचं काय, कुणी काही सांगतं, हे धरून बसतात, असं मनाशी म्हटलं. त्यानंतर दर वेळी बाकावर बसत गेले. कधी अर्धा तास, कधी बराच वेळ.

मग एका सकाळी मी अशीच बाकावर बसलेली असताना एसी दुरुस्त करणारा माणूस आला. बोहनी झालेली नव्हती. तो सरळ आत गेला, गादीच्या मागे स्टूल ठेवलं आणि एसीचं झाकण उघडून बसला. थोरल्यानं त्याच्यासाठी चहा मागवला.

मी बाकावरूनच ते पाहत होते. नियम मशीनचा नव्हता. नियम माझा होता. बोहनीच्या आधी विधवेचं तोंड नको, हे तोंडावर सांगवलं नाही म्हणून त्या भल्या माणसानं मशीनचं नाव पुढे केलं होतं. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, आणि त्याहूनही जास्त कंटाळा आला. भांडायला जोर लागतो. तो जोर मी पिशवी उचलायला ठेवला होता.

गंमत अशी, की एकदा बोललेला नियम त्यांना निभावावा लागला. मी कुठल्याही मजल्यावर गेले की तिथले लोक म्हणू लागले, थांबा मॅडम, बोहनी व्हायची आहे. मधल्या भावाला तर तो खरोखरच वडिलांच्या वेळचा नियम वाटत होता. त्यानं मला एकदा त्यामागचं कारणही समजावून सांगितलं.

तिसऱ्या मजल्यावरचीला मात्र सगळं कळत होतं. ती मागच्या जिन्यानं ये-जा करायची, जिथे हमालांचा रस्ता आहे. तळमजल्याची बोहनी होईपर्यंत पुढच्या जिन्यानं, म्हणजे गादीसमोरून, ती जात नसे. तिला कुणी सांगितलं होतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "कोणी कशाले सांगीन, ताई? एक दिवस मी समोरून गेली अन् दादानं मान फिरवली. बस."

दादा म्हणजे तिचा मोठा दीर.

यंदा पितृपक्षात थोरल्याचा फोन आला. चारही मजल्यांवरचे स्विच एका गटात जोडून द्या म्हणाला.

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. एक चपटा लोखंडी डबा असतो, समोर भोकांची रांग. मजल्यावरचे कॉम्प्युटर, बिलाची मशीन, कॅमेरे, सगळ्यांच्या वायरी त्यात येतात आणि तिथून पुढे जातात. त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर असा एक डबा होता आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. सगळे जुने, धाकट्यानंच कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून स्वस्तात आणलेले. वायरी त्यानं स्वतः टाकलेल्या. पण डबे चांगल्या जातीचे. त्यांचा गट करता येतो: एक मुख्य, बाकीचे सदस्य, आणि मुख्याजवळ बसलेला माणूस सगळ्यांचा कारभार बघतो.

"चार मजले अन् चार पासवर्ड, कोणाले याद राहते?" थोरला म्हणाला. "सगळं माझ्या गादीजवळून चाललं पाहिजे."

पितृपक्षात नवं काम कसं चालेल, असं मी विचारलं, काम जरा लांबावं म्हणून. त्यावर तो म्हणाला की नवं थोडीच करून राहिलो, जुनंच तर जोडून राहिलो. शिवाय या दिवसांत नवं कापड कुणी घेत नाही, बाजार थंड असतो, मशीन बंद ठेवली तरी नुकसान नाही. हिशेब बरोबर होता. चुकला तो एकाच ठिकाणी. बाजार थंड असला की बोहनीही उशिरा होते.

मी आपली जाऊन बसले बाकावर. तळमजल्याची बोहनी दुपारी झाली. मुख्य स्विच गादीजवळ, वडिलांच्या हार घातलेल्या फोटोखाली बसवला. खरं तर सगळ्या इमारतीच्या वायरी तिसऱ्या मजल्यावर एकत्र येतात, आणि मुख्य तिथे असता तर काम सोपं झालं असतं. तसं मी सुचवूनही पाहिलं. थोरल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा सुचवलं नाही. मग गोदाम झालं, मग दुसरा मजला. मधल्या भावानं कुठे सही करायची ते विचारलं. सही नको होती.

तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा ती ताके पुसत बसली होती. म्हणाली, बोहनी व्हायची आहे.

ते खरंच होतं. मी बसले. तिनं चहा केला. संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही, मी उतरले. दुसऱ्या दिवशी परत तेच. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, कूलर नुसता दमट वारा फेकत होता, आणि मी एका लोखंडी डब्यासमोर त्याला हात न लावता बसलेली. वैतागून मी या गटाच्या भानगडी तिला सांगत बसले, कारण दुसरं बोलायला काही नव्हतं. किती अटी असतात ते सांगितलं. मुख्याला स्वतःचा पत्ता लागतो, बाकीच्यांना नसला तरी चालतो, कारण बाहेरचा येतो तो मुख्याच्याच दारातून. सगळ्यांची आतली प्रणाली एकमेकांशी जुळावी लागते. आणि सदस्य झाला की त्याचा स्वतःचा पासवर्ड जातो, मुख्याचा चालू होतो.

"म्हणजे माझ्या मशीनचं कुलूप दादाच्या हाती," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"खालून माझं बिलाचं मशीन बंद करता येईन?"

येईल, म्हटलं. एक ओळ टाइप केली की येईल. कॅमेऱ्यातून कोण आलं, कोण गेलं तेही दिसेल.

तिनं फडकं खाली ठेवलं. मग गोदामाच्या किल्लीचं सांगू लागली. नवरा गेल्यावर दादांनी ती किल्ली सोयीसाठी म्हणून खाली ठेवून घेतली होती. आता स्वतःच्याच मालासाठी तिला रोज खाली निरोप पाठवावा लागतो, आणि माल कधी येतो, कधी कुणी जेवायला गेलेलं असतं. गेले काही महिने दादा म्हणतात, कशाला दगदग करते, दुकान बंद कर, घरी बस, तुझा वाटा तुला मिळत राहील. ते मनापासून म्हणत असतील, हेही ती म्हणाली. पण घरी बसून वाटा घेणारी बाई आणि दुकान चालवणारी बाई यांच्याशी घरातले लोक सारखे वागत नाहीत, एवढं तिला दिसत होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक शिवणकाम करणारी बाई आली, फॉल मागू लागली. मी मनात म्हटलं, चला, झाली बोहनी, सुटले एकदाची. तर ही उठली आणि तिला म्हणाली, "उद्या ये वं. आज माल लावून राहिली मी."

बाई गेली. ही पुन्हा ताके पुसायला बसली. बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवणारा व्यापारी मी गांधीबागेत आजवर पाहिला नव्हता, आणि तिनंही आयुष्यात पहिल्यांदाच तसं केलं असणार. आमच्या दोघींना ज्यानं दाराबाहेर बसवलं, तोच नियम ती आता दाराला आतून लावून बसली होती. पण असं किती दिवस चालणार? रोज गिऱ्हाईक परत पाठवलं तर दुकान आपोआपच बंद पडेल. दादांना काही करायचीही गरज नाही.

"ताई, यातून सुटायचा काही रस्ता नाही का?" तिनं विचारलं.

तेव्हा मला ती शेवटची अट आठवली. आठवली म्हणजे काय, माहीतच होती; मी ती सांगायची टाळत होते, कारण सांगितली की पुढचं काम माझ्याच गळ्यात पडणार होतं. जो स्विच आधीच कुठल्या गटात आहे, किंवा स्वतःच मुख्य आहे, त्याला दुसऱ्या गटात घेता येत नाही.

"स्वतः मुख्य असला तर नाही घेता येत?"

नाही, म्हटलं.

"त्याच्या हाताखाली कोणीच नसलं तरी?"

नसलं तरी, म्हटलं, आणि पिशवी उचलून खाली आले. मला ते काम हातचं घालवायचं नव्हतं. सदरच्या ऑफिसचं भाडं मला झोपेतही आठवतं.

तिसऱ्या दिवशी थोरल्याचा धीर सुटला. मी बाकावर टेकले नव्हते तोच त्यानं आत बोलावलं. त्याची स्वतःची बोहनी नुकतीच झाली असावी, कारण त्यानं मान वगैरे फिरवली नाही. वर अजून बोहनीच नाही का, असं विचारलं. नाही म्हटलं. त्यानं गल्ल्यातून एक नोट काढून माझ्यासमोर धरली.

"मॅडम, असं करा. वर जा अन् काही घेऊन टाका. तुमच्याच हातानं करून टाका तिची बोहनी. तिच्याइथं काय हरकत आहे?"

तो हे सहज बोलला. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याच्यासाठी ते एक साधं गणित होतं: माझा हात त्याच्या बोहनीला नको होता, तिच्या बोहनीला चालण्यासारखा होता. दोघी एकाच मापाच्या. मी त्या नोटेकडे पाहत राहिले.

"राहू द्या," मी म्हटलं. "पैसे आहेत माझ्याजवळ."

जिना चढताना दर मजल्याला थांबले. गुडघ्यांचं कारण होतंच. पण मी ठरवतही होते, आणि या वयात ठरवायलाही दम लागतो. वर गेले तेव्हा ती माझ्या तोंडाकडे पाहून काय ते समजली. मी म्हटलं, ब्लाउजला अस्तर पाहिजे, सुती, पांढरं. ती एक क्षण तशीच उभी राहिली. मला परत पाठवता आलं असतं, पण पाठवलं नाही. ताका काढला, उलगडला, मीटरच्या पट्टीनं मापला आणि मापाहून चांगलं वितभर जास्त सोडून कापड फाडलं. आमच्या बाजारात एवढंसं कापड फाडून देत नाहीत, अख्खे ताके विकतात. तिनं माझे पैसे दोन्ही हातांनी घेतले आणि डोळ्यांना लावले.

"खालून पाठवलं न तुम्हाले?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं, आणि त्यानं काय शब्द वापरले तेही सांगितलं. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"बरोबरच बोलले दादा," ती म्हणाली. "तुमच्या हातची बोहनी मले चालते."

मग तिनं डोळे पुसले आणि मीही पुसले, आणि दोघींनी सुताच्या कचऱ्याला नावं ठेवली.

मी लॅपटॉप काढून वायर लावली. एवढंच विचारलं, की हा स्विच कोणाचा. ती म्हणाली, यांनी आणला होता, आता माझा आहे. मालकाला विचारल्याशिवाय मी कुणाच्या मशीनला हात लावत नाही, आणि मालक समोर उभी होती. काय करू, म्हटलं. ती म्हणाली, "मुख्य करा."

मुख्य करायचा तर गटाला नाव द्यावं लागतं. तिनं थोडा विचार केला आणि 'तिसरा मजला' एवढंच सांगितलं. पासवर्ड तिनं स्वतः टाकला. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत होते, समोरच्या गच्चीवर कुणीतरी कावळ्यांसाठी पानावर वडा-भात ठेवला होता. मग मी ते सगळं पक्कं साठवून ठेवलं, म्हणजे वीज गेली तरी पुसलं जाऊ नये. दोनदा तपासलं. इतकं लक्ष देऊन मी किती तरी दिवसांत काही केलं नव्हतं.

खाली येऊन थोरल्याला सांगितलं, की तीन मजले जोडले, तिसऱ्याचा स्विच गटात येत नाही.

"काहून?"

"तो स्वतःच मुख्य आहे."

"मुख्य? त्याच्याखाली कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कशाचा मुख्य, मॅडम?"

मशीनची अट आहे, म्हटलं. मी केलेली नाही, ती मशीनबरोबरच येते. त्याचाच नियम मी त्याच्याच पद्धतीनं त्याला परत करत होते, हे त्याच्या लक्षात आलं की नाही ते सांगता येत नाही. तो बराच वेळ त्या डब्याकडे पाहत राहिला, वडिलांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडला नाही. पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला द्यायचा विचार चालला आहे, एवढं शांतपणे म्हणाला. मीही बरं म्हटलं. बाहेर पडले तर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं आणि रिक्षा मिळेना. घरी जाऊन तशीच झोपले. वरण-भातसुद्धा लावला नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. उद्यापासून बाजार पुन्हा चालतो, सणाची पहिली बोहनी तुमच्या हातची पाहिजे, असं म्हणाली. मी गुडघ्यांचं सांगितलं. म्हणाली, हळूहळू चढू.

सकाळी गेले तर ती मागच्या जिन्यापाशी नव्हती. समोर, पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती, नवी साडी नेसून. मी पांढरं अस्तर लावलेला ब्लाउज घातला होता. बाहीच्या कडेला दिसणारं आपलं अस्तर तिनं लगेच ओळखलं. थोरला गादीवर अगरबत्ती ओवाळत होता. पितृपक्ष संपलेला, सणाचा पहिला दिवस, आणि आम्ही दोघी त्याच्या अगदी समोर. तो ओवाळायचा थांबला.

"बोहनी व्हायची आहे अजून," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

"आमचीबी व्हायची आहे, दादा," ती म्हणाली, आणि माझा हात धरून पहिली पायरी चढली.

आम्ही दर मजल्याला थांबत गेलो. गुडघे दुखायचे तसे दुखलेच.